पाप कोणाचे, मरण कोणाचे?

महामारीच्या काळात धर्मपीठे काय बोलतात याकडे लक्ष देण्याची गरज पुरोगामी मंडळींना सहसा वाटत नाही. जंतू हा विज्ञानाचा विषय, उपचार हा शासनाचा विषय आणि धर्म हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय, अशी वाटणी करून ती मोकळी होतात. ही वाटणी सोयीची आहे, पण खरी नाही. साथ आली की माणसे केवळ औषध मागत नाहीत; घडले त्याचा अर्थही मागतात. हे कोणामुळे झाले, कोणी भोगावे, भरपाई कोणी करावी, या प्रश्नांची उत्तरे समाज ज्या भाषेत शोधतो ती भाषा आजही पुष्कळ अंशी पाप, शिक्षा, त्याग आणि प्रायश्चित्त यांचीच आहे. दोष कोणाच्या पदरात टाकावयाचा हे एकदा ठरले, की पैसा कोणाच्या खिशातून काढावयाचा हेही जवळजवळ ठरून जाते. म्हणूनच महामारीविषयीचे धर्मचिंतन हा अर्थशास्त्राचाही विषय होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार कोविडच्या साथीत २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख माणसे नेहमीच्या प्रमाणापेक्षा अधिक मरण पावली. त्याच काळात सरकारदरबारी नोंदले गेलेले कोविड-मृत्यू होते सुमारे ५४ लाख. एवढ्या मोठ्या मृत्युकांडाने ख्रिस्ती जगातील धर्मचिंतकांना बोलते केले यात नवल नाही. प्रवचने झाली, पत्रके निघाली, साथीच्या पहिल्या काही महिन्यांतच पुस्तके छापून झाली. या साऱ्या लेखनात ठळकपणे तीन प्रवाह दिसतात. पहिला म्हणतो, ही देवाची शिक्षा आहे. दुसरा म्हणतो, हे गूढ आहे, येथे स्पष्टीकरण न मागता विलाप करावा. तिसरा म्हणतो, मरणाला भिऊन देवळे बंद ठेवणे हाच खरा अधर्म आहे. हे तिन्ही प्रवाह आपसात कडाडून भांडले. पण एका बाबतीत त्यांचे न बोलता एकमत होते. आरोपीच्या पिंजऱ्यात मालमत्तेला उभे करावयाचे नाही, हे ते एकमत.

या एकमताला ख्रिस्ती धर्मग्रंथाचा आधार मिळत नाही, ही गोष्ट प्रथम सांगावयास हवी. रोग म्हणजे रोग्याच्या पापाचे फळ, हे मत बायबलात आढळते. पण त्याचे खंडनही तेथेच आढळते, आणि ते अधिक अधिकारवाणीने केलेले आहे. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे विद्वान मित्र त्याच्या गळवांमागे त्याचे पाप असले पाहिजे असे युक्तिवाद करीत राहतात, आणि अखेरीस देव त्या मित्रांनाच खोटे ठरवितो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य विचारतात, हा माणूस आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापामुळे की आईबापांच्या? येशूचे उत्तर दोन्ही पर्याय नाकारते. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न येशूच उपस्थित करतो आणि नाही म्हणतो. पश्चात्तापाची हाक तो देतो ती मेलेल्यांना नव्हे, जिवंत राहिलेल्यांना.

पण या संदर्भात सर्वांत बोलकी कथा आहे दावीद राजाची. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात दावीद आपल्या प्रजेची खानेसुमारी करवितो. मोजले जातात ते तलवार चालविणारे पुरुष. म्हणजे ही मोजणी लोककल्याणासाठी नव्हती, हे उघड आहे. सेनापतीचा विरोध असूनही राजा हट्टाला पेटतो. मग संदेष्टा त्याच्यापुढे तीन शिक्षा ठेवतो : अनेक वर्षांचा दुष्काळ, तीन महिने शत्रूपुढे पळ काढणे, किंवा तीन दिवसांची मरी. या तिघींपैकी एकच शिक्षा अशी होती की जी राजाच्या स्वतःच्या अंगावर येणार होती, ती म्हणजे शत्रूपुढे पळणे. राजाने माणसांच्या हाती पडण्याऐवजी देवाच्या हाती पडणे पसंत केले, असे ग्रंथ म्हणतो. परिणाम असा झाला की सत्तर हजार प्रजाजन मेले आणि राजा जिवंत राहिला. ग्रंथकाराचे मोठेपण असे, की तो ही विसंगती लपवीत नाही. पाप मी केले, या मेंढरांनी काय केले होते, असा आक्रोश तो दावीदाच्याच तोंडी घालतो. मरी थांबावी म्हणून वेदी बांधावयाची असते. अरवना नावाचा माणूस आपले खळे आणि बैल राजाला फुकट देऊ करतो. तेव्हा राजा नकार देतो : ज्याची किंमत मी मोजलेली नाही ते अर्पण मी देवाला करणार नाही. आणि तो चांदीची नाणी मोजून ते खळे विकत घेतो.

महामारीविषयीच्या कोणत्याही धर्मचिंतनाला लावावयाच्या दोन कसोट्या या एका कथेत आहेत. पाप कोणी केले आणि मेले कोण, ही पहिली. प्रायश्चित्त करणाऱ्याने स्वतःच्या पदरचे काय मोजले, ही दुसरी. ख्रिस्ती इतिहासाला या कसोट्या लावून पाहिल्या तर काय दिसते?

१३४८ ते १३५० या काळात प्लेगने युरोपची एकतृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नाहीशी केली. देवाचा कोप झाला आहे, ही त्या काळची सर्वमान्य भाषा होती. रस्त्यांतून स्वतःला चाबकाने फोडून घेणाऱ्यांचे जथे फिरले. ज्यूंनी विहिरींत विष कालविले अशी अफवा पसरली. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये फर्माने काढून हा आरोप खोडून काढला. ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि जेथे ज्यू नाहीत तेथेही रोग आहे, असा सरळ तर्क त्यांनी मांडला, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. तरीही १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात ज्यूंना सामुदायिकरीत्या जाळण्यात आले. त्या दिवसापर्यंत त्या शहरात प्लेग पोहोचलाही नव्हता. मात्र ज्यूंची देणी त्यांच्याबरोबर बुडाली, गहाणवस्तू परत मिळाल्या, रोकड वाटून घेण्यात आली. देवाच्या कोपाची भाषा आणि कर्जमुक्तीचा हिशेब यांची सांगड इतकी पक्की असू शकते.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट कायद्याच्या मार्गाने घडली. निम्मे मजूर मेल्यावर उरलेल्यांचा भाव वाढणे अपरिहार्य होते. राजाने जून १३४९ मध्ये वटहुकूम काढला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, की मजुरी साथीपूर्वीच्या, म्हणजे १३४६ च्या पातळीवर गोठवावी आणि जादा मागणाऱ्याला शिक्षा करावी. धर्मसंस्था येथे तटस्थ राहिली असे म्हणता येत नाही. कँटरबरीचे आर्चबिशप सायमन इस्लिप यांनी १३५० मध्ये स्वतंत्र आदेश काढून पोटार्थी पुरोहितांच्या मानधनावरही मर्यादा घातली. तुटपुंज्या मानधनात प्लेगग्रस्तांचे अंत्यविधी करणाऱ्या या कनिष्ठ पुरोहितांच्या वाढीव मागणीला आर्चबिशपांनी लोभ हे नाव दिले. जमीनदाराच्या वाढीव खंडाला मात्र त्या आदेशात काही नाव नव्हते.

याच कनिष्ठ पुरोहितवर्गातून जॉन बॉल पुढे आला. आदम आणि हव्वा यांच्यापासून सारी माणसे एकसारखी जन्मली असतील तर दास्य आले कोठून, असा प्रश्न तो गावोगाव विचारीत हिंडला. धर्मपीठाने त्याला वारंवार बहिष्कृत केले, तुरुंगात टाकले. १३८१ च्या शेतकरी बंडात लोकांनी त्याची सुटका केली. बंड मोडल्यावर १५ जुलै १३८१ रोजी त्याला देहदंड देण्यात आला. ज्या प्लेगात एका आर्चबिशपाला मजुराचा लोभ दिसला, त्याच प्लेगानंतरच्या जगात एका साध्या पुरोहिताला मालकाचे पाप दिसले. दोघेही एकच धर्मग्रंथ वाचत होते. तेव्हा प्रश्न ग्रंथाचा नाही, तो कोठे उभे राहून वाचला जातो याचा आहे.

यावर असे म्हटले जाईल की ख्रिस्ती परंपरेने साथींत केवळ कोपाची भाषा वापरली नाही, शुश्रूषाही केली. हे निःसंशय खरे आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तिसऱ्या शतकाच्या मध्यास कार्थेज शहरात मोठी मरी पसरली, तेव्हा तेथील बिशप सिप्रियन यांनी मृत्यूविषयी एक प्रबंध लिहिला. रोग ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती असा भेद करीत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. एवढेच नव्हे, तर साथ ही परीक्षा आहे ती रोग्यांची नव्हे, धडधाकटांची, असा त्यांचा रोख होता : निरोगी माणसे आजाऱ्यांची सेवा करतात की नाही, मालक आपल्या आजारी दासांवर दया करतात की नाही, वैद्य पळून जातात काय, लोभ्याचा लोभ आणि श्रीमंताची मूठ मरणाच्या दारातही सैल होते की नाही. एवढ्या प्राचीन काळी प्रश्नाचे तोंड दासाकडून मालकाकडे वळविणारा हा विचार आजच्या अनेक धर्मोपदेशकांहून पुढारलेला आहे.

मार्टिन ल्यूथर यांचे उदाहरणही असेच आहे. १५२७ मध्ये विटेनबेर्गला प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गावी हलविण्यात आले, पण ल्यूथर आपल्या गरोदर पत्नीसह तेथेच राहिले आणि त्यांच्या घराचे रुग्णालय झाले. साथीतून पळावे काय, या प्रश्नावर त्यांनी लिहिलेले जाहीर पत्र आजही वाचण्याजोगे आहे. ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याने जागा सोडू नये. औषध घ्यावे, धुरी द्यावी, गरज नसेल तेथे जाऊ नये. रोग लपवून तो पसरविणारा मनुष्य खुनी होय. शासनाला शक्य असेल तेथे सार्वजनिक रुग्णालये असणे उत्तम, असे त्यांचे म्हणणे होते. देवावर भरवसा आहे म्हणून औषध टाकणाऱ्याला ते श्रद्धाळू समजत नाहीत.

पण या पत्राच्या अवघी दोन वर्षे आधी, १५२५ मध्ये, ह्याच ल्यूथर यांनी बंडखोर शेतकऱ्यांना निर्दयपणे कापून काढण्याचा सल्ला राजेलोकांना दिला होता. ज्या शेजाऱ्याला प्लेगची गाठ आली त्याच्या उशाशी बसणे हे कर्तव्य. तोच शेजारी खंड आणि वेठबिगार कमी करा म्हणाला तर त्याच्यावर तलवार चालविणे हेही कर्तव्य! ख्रिस्ती शुश्रूषेची थोरवी आणि तिची मर्यादा या दोन वर्षांच्या अंतरात एकत्र दिसतात. आजारी माणूस तिला दिसतो. तो ज्या झोपडीत आजारी पडला तिचा मालक मात्र तिला दिसेनासा होतो.

आता कोविडकाळातील तीन प्रवाहांकडे वळता येईल. शिक्षेच्या प्रवाहाचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकन धर्मोपदेशक जॉन पायपर यांचे २०२० च्या वसंतात निघालेले पुस्तक घेता येते. त्यांची भाषा संयत आहे आणि देवाच्या दयेवरही त्यांनी भर दिला आहे. परंतु काहींना हा संसर्ग त्यांच्या विशिष्ट पापी आचरणाबद्दल देवाने केलेला न्याय म्हणून होतो, असे ते स्पष्टपणे मांडतात. या विधानाची परीक्षा घेण्यास धर्मशास्त्र लागत नाही, मृत्युनोंदी पुरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्ये कोविड-मृत्यूंची व्यवसायवार आकडेवारी प्रसिद्ध केली. पुरुषांमध्ये सुरक्षारक्षक, टॅक्सीचालक, बसचालक, स्वयंपाकी यांचे मृत्यूचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. वृद्धांची व रुग्णांची काळजी घेणाऱ्या स्त्रीपुरुषांचेही तसेच. घरी बसून संगणकावर काम करता येणाऱ्या उच्च वेतनाच्या वर्गात ते कमी होते. तेव्हा एकच निष्कर्ष उरतो. एक तर देवाची पापनोंदवही आणि कारखानदाराची हजेरीपत्रके हुबेहूब एकसारखी आहेत, किंवा पायपर यांचा सिद्धांत चुकीचा आहे. पहिला पर्याय कोणताही श्रद्धाळू मनुष्य देवनिंदा म्हणूनच नाकारील.

शिक्षेचा हा सिद्धांत केवळ सनातन्यांत आढळतो असेही नाही. ब्राझीलचे लिओनार्दो बॉफ हे मुक्तिवादी धर्मचिंतनाचे एक थोर प्रवर्तक. गरिबांची बाजू घेतल्याबद्दल त्यांनी धर्मपीठाचा रोष पत्करला. पण २०२० मध्ये त्यांनीही कोविड म्हणजे पृथ्वीमातेने मानवजातीवर केलेला प्रतिहल्ला, अशी मांडणी केली. जंगलतोड आणि साथी यांचा संबंध खरा आहे. परंतु रागावलेल्या देवाच्या जागी रागावलेली पृथ्वी बसविल्याने तर्क बदलत नाही. जंगल तोडून नफा कमावणारी कंपनी एकीकडे आणि प्राणवायूअभावी मनाऊस शहरात जानेवारी २०२१ मध्ये गुदमरून मेलेली माणसे दुसरीकडे. या दोघांना मिळून ‘मानवजात’ म्हणणे म्हणजे दावीदाच्या पापाची सत्तर हजारांत समान वाटणी करणे होय.

दुसरा प्रवाह अधिक सुसंस्कृत आहे, म्हणून त्याच्याशी अधिक काळजीने वाद केला पाहिजे. इंग्लंडचे विख्यात बायबल-पंडित एन. टी. राईट यांनी मार्च २०२० मध्ये असे प्रतिपादन केले, की ख्रिस्ती धर्म या साथीचे कोणतेही स्पष्टीकरण देत नाही आणि देण्याचे कारणही नाही. बायबलातील विलापाची परंपरा येथे आठवावी. पापपुण्याच्या उथळ गणितापेक्षा हे मौन कितीतरी प्रामाणिक आहे. पुढे पुस्तक लिहून राईट यांनी अंत्युखियाच्या आद्य मंडळीचे उदाहरणही दिले. क्लौदियाच्या कारकिर्दीत दुष्काळ पडणार असे कळल्यावर त्या मंडळीने कोणाचे पाप असे विचारले नाही. कोणाला झळ बसेल, आपण काय करू शकतो आणि कोणाला पाठवावे एवढेच विचारले आणि यहूदियाला मदत धाडली. उदाहरण सुंदर आहे. पण ते जेथे थांबते तेथेच खरा प्रश्न सुरू होतो. दुष्काळ पडणार हे मंडळीला कळले तसे धान्याच्या व्यापाऱ्यालाही कळते. कोठार कोणाचे, भाव कोण ठरवितो, हे न विचारता पाठविलेली मदत आवश्यक असते, पुरेशी नसते. सारी परिस्थिती गूढ होती असे नाही. विषाणू कोठून आला हे अनिश्चित असेल. पण रुग्णालयात खाटा कमी का होत्या, वृद्धाश्रम नफ्यासाठी चालविणाऱ्यांनी नोकर कमी का ठेवले, आजारपणाची पगारी रजा मजुराला का नव्हती, यांत गूढ काहीच नव्हते. ज्याचे उत्तर अंदाजपत्रकात सापडते त्याला देवाचे रहस्य म्हणणे ही नम्रता नव्हे.

तिसरा प्रवाह स्वातंत्र्याचा. अमेरिकेतील धार्मिक विचारपत्र ‘फर्स्ट थिंग्ज’चे संपादक आर. आर. रेनो यांनी मार्च २०२० मध्येच लिहिले, की कोणत्याही किमतीवर जीव वाचविणे हे ध्येय मानणे म्हणजे मृत्यूच्या सत्तेला शरण जाणे होय. न्यू यॉर्क राज्याने उपासनास्थळांवर घातलेल्या संख्येच्या मर्यादा नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी स्थगित केल्या. या प्रवाहाच्या तक्रारीत तथ्यांश आहे. मरणाऱ्याचा हात धरावयास कोणी नसणे आणि अंत्यविधीविना पुरले जाणे हे दुःख खोटे नव्हते, आणि आणीबाणीच्या नावाखाली शासने काय करू शकतात याचा अनुभव भारतीय वाचकाला निराळा सांगावयास नको. पण मरणाला भिऊ नका हा उपदेश कोणी कोणाला करावा? उत्तर इटलीत बेर्गामोच्या एका धर्मप्रांतात साथीच्या पहिल्या लाटेत वीसहून अधिक धर्मगुरू मृत्यू पावले. त्यांना तो अधिकार होता, आणि त्यांनी उपदेश केला नाही. टेक्सासचे उपराज्यपाल डॅन पॅट्रिक यांनी मार्च २०२० मध्ये दूरचित्रवाणीवर सुचविले, की देशाची अर्थव्यवस्था नातवंडांसाठी सुरक्षित राहावी म्हणून वृद्ध जीव धोक्यात घालण्यास तयार होतील. हे बोलणे राजकारण्याचे असले तरी त्यातील कल्पना धार्मिक आहे. ती यज्ञाची कल्पना आहे. ज्या देवतेला हा बळी द्यावयाचा तिचे नावही शुभवर्तमानात दिलेले आहे, मामोन, म्हणजे धन. आणि देव व धन या दोघांची चाकरी एकाला करता येत नाही, अशी येशूची शिकवण आहे. शिवाय प्रत्यक्षात बळी गेले ते बहुधा बसचालकांचे आणि मांस-कारखान्यांतील स्थलांतरित कामगारांचे. दुसऱ्याचे प्राण अर्पण करणे हे दावीदाच्या कसोटीने अर्पणच नव्हे; त्यात स्वतःचे काही मोजलेले नाही.

या साऱ्या प्रवाहांची खरी परीक्षा लसीने घेतली. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने टिपण काढून, गर्भपेशींपासून निघालेल्या पेशीमालिकांचा उपयोग संशोधनात झालेला असला तरी पर्याय नसताना त्या लसी घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, असा निर्वाळा दिला. त्याच टिपणाच्या शेवटी, लसी गरीब देशांना परवडतील अशा रीतीने उपलब्ध करून देणे हे औषध कंपन्यांवर, सरकारांवर व आंतरराष्ट्रीय संघटनांवर नैतिक बंधन आहे, असेही म्हटले होते. व्यासपीठांवर वाद रंगला तो पहिल्या मुद्द्यावर. शेवटचा मुद्दा छापला गेला तेथेच राहिला.

वस्तुतः त्याआधीच, २ ऑक्टोबर २०२० रोजी, भारत व दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे प्रस्ताव ठेवला होता, की साथ संपेपर्यंत कोविडवरील लसी, औषधे व साधने यांवरील बौद्धिक मालमत्तेचे हक्क स्थगित करावेत. लसींचे संशोधन बव्हंशी सार्वजनिक पैशाने झाले होते. जर्मन सरकारने एका बायोएनटेक कंपनीलाच साडेसदतीस कोटी युरोपर्यंतचे साहाय्य मंजूर केले होते. जोखीम लोकांची आणि मालकी कंपनीची, असा हा व्यवहार. ६ मे २०२१ रोजी जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या सरकारने या प्रस्तावाला विरोध जाहीर केला. मेर्केल या ल्यूथरपंथी पाद्र्याच्या कन्या, आणि त्यांच्या पक्षाच्या नावातच ‘ख्रिस्ती’ हा शब्द आहे. दोनच दिवसांनी, ८ मे रोजी, पोप फ्रान्सिस यांनी लस सर्वांना मिळावी आणि बौद्धिक मालमत्तेचे हक्क तात्पुरते स्थगित व्हावेत, असे जाहीर आवाहन केले. बाजारपेठेचे आणि मालमत्तेचे नियम प्रेमाच्या व आरोग्याच्या नियमांहून वरचढ मानण्याच्या वृत्तीवर त्यांनी बोट ठेवले. २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या या पोपने महामारीविषयी जे जे सांगितले त्यांत हे विधान सर्वांत कमी उद्धृत झाले, आणि तेच सर्वांत अधिक महत्त्वाचे होते. कारण येथे पापाचा पत्ता देवाच्या कोपात, पृथ्वीच्या रागात किंवा रोग्याच्या शरीरात शोधलेला नाही. तो एका विशिष्ट कायद्यात शोधलेला आहे, आणि कायदा बदलता येतो.

कायदा बदलला काय? जून २०२२ मध्ये व्यापार संघटनेने निर्णय दिला तो फक्त लसींपुरता आणि मूळ प्रस्तावाच्या मानाने फारच तोटका होता. तोवर साथीचा कहर ओसरत आला होता. भारतालाही येथे आत्मपरीक्षण टळत नाही. जिनिव्हात ज्ञान ही मालमत्ता नसावी म्हणणाऱ्या सरकारने देशात मे २०२१ पासून असे धोरण राबविले, की पुण्यात तयार होणाऱ्या एकाच लसीची किंमत केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३०० आणि खासगी रुग्णालयांना ६०० अशी वेगवेगळी झाली. पुढच्याच महिन्यात हे धोरण मागे घ्यावे लागले. मृतांच्या मोजणीबाबत तर दावीदाची कथा उलटी झाली. त्याचे पाप मोजण्याचे होते. आजच्या सरकारांचे पाप न मोजण्याचे आहे. भारतातील दोन वर्षांतील अधिक मृत्यूंचा आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा, सरकारी कोविड-मृत्यूंचा आकडा सुमारे ४.८ लाखांचा, आणि सरकारने ती अंदाजाची पद्धतच अमान्य केली.

महाराष्ट्राला तर या वादाची दुसरी बाजू जुनी परिचयाची आहे. १८९७ च्या पुण्यातील प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना मृत्यू पावल्या. सेवा ही कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हती. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी, स्वतः ख्रिस्ती असून आणि राज्यकर्तेही ख्रिस्ती असताना, पुण्याच्या सरकारी प्लेग-रुग्णालयातील स्त्रियांच्या दुर्दशेवर मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रातून उघड टीका केली. सरकारने आरोप नाकारले. पण रमाबाईंनी प्लेगचा अर्थ सांगत न बसता प्लेगच्या कारभाराला जाब विचारला, हे महत्त्वाचे आहे. आणि २०२१ मध्ये, आदिवासींच्या जमीनहक्कांसाठी आयुष्य वेचलेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी हे तळोजा तुरुंगात खितपत पडले, तेथून हलविल्यावर कोविडबाधित आढळले आणि ५ जुलै रोजी मुंबईत कोठडीत असतानाच वयाच्या ८४ व्या वर्षी मृत्यू पावले. खटला उभा राहिला नव्हता. जामीन मिळाला नव्हता. त्यांच्या मरणाचा अर्थ काय, असे धर्मचिंतकांना विचारले तर त्यांतील कोण शिक्षा म्हणेल आणि कोण गूढ म्हणेल? तुरुंगातल्या गर्दीत साथ पसरते आणि जामीन नाकारण्याचे अधिकार माणसांकडे असतात, हे उत्तर साधे आहे.

पोपच्या आवाहनाने धर्मसंस्थेची सुटका होत नाही, हेही बजावले पाहिजे. दुसऱ्याचे हक्क सोडा असे सांगणे सोपे असते. ज्या धर्मसंस्थांच्या मालकीच्या जमिनी आहेत, शाळा व रुग्णालये आहेत, त्यांनी स्वतःच्या परिचारिकांना व सफाई कामगारांना साथीत काय वेतन दिले, कोणाला बिनपगारी घरी बसविले, आपल्या खाटांचे दर काय ठेवले, हा हिशेब प्रत्येक धर्मप्रांताने मांडावयास हवा. अरवनाचे खळे फुकट घेऊन वेदी बांधता येत नाही. हीच मागणी मंदिरांच्या, मशिदींच्या व मठांच्या विश्वस्तांकडेही करता येईल, आणि करावी. परंतु ज्यांच्या ग्रंथात ही कथा लिहिलेली आहे त्यांच्यावर तिचे बंधन पहिले.

पुढची साथ येईल याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने महामारीविषयक करार संमत केला. त्यात तंत्रज्ञान दुसऱ्या देशांना देण्याची तरतूद आहे, पण ती परस्परसंमत अटींवर. म्हणजे मालकाची संमती असेल तर. रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना त्यांतून निघणाऱ्या लसींचा वाटा किती मिळावा, हा कळीचा भाग तर त्या वेळी पुढील वाटाघाटींवर सोडण्यात आला. पुढच्या महामारीत कोण जगेल आणि कोण मरेल हे अशा कलमांतून ठरत असते. कलमे लिहिली जात असताना देवळांतून आवाज उठत नाही आणि प्रेते पडल्यावर मात्र विलाप सुरू होतो, हा क्रम उलटा करणे धर्मनिष्ठांच्या हाती आहे. मृतांसाठी प्रार्थना त्यांनी अवश्य करावी. पण तिच्याआधी आपापल्या सरकारांना व आपल्या पंथातील भागधारकांना एवढे विचारावे, की ज्या ज्ञानाने माणसे वाचतात त्यावर मालकी कोणाची, आणि ती सोडण्यासाठी ते स्वतःच्या पदरचे काय मोजणार आहेत.